शिडी न चढणारा मिस्त्री

वारंगा फाट्यावरच्या आमच्या रांगेतल्या तीन दुकानांच्या सीलिंगच्या टाइल ज्यानं बसवल्या, तो मिस्त्री शिडी चढत नाही. त्याच्याकडं स्वतः बनवलेली, तुकडे जोडून लांब होणारी काठी आहे. टोकाच्या पंजावर टाइल ठेवतो, तिरकी करून छताखाली टांगलेल्या पट्ट्यांच्या चौकोनातून वर घालतो आणि आडवी करून हळूच टेकवतो. मान वर, जीभ दातांत, आणि टाइलशी बोलणं चालू, "बस बाप्पा, बराबर बस."

परवा आमच्या दुकानात माझा लेक वैतागला. "मिस्त्री, शिडी काहून चढत न्हाई तुमी? काम रेंगाळून राहिलं. न्हाईतर दुसरा माणूस बोलावतो."

"बोलवा शेठ. मला उंचीचं भेव वाटतं," म्हणत तो शांतपणे काठीचे जोड सोडू लागला.

मी बघतच राहिले. नवी नवरी असताना सासूबाईंनी "भेतीस का?" विचारलं, म्हणून मी झपकन माळवदावर चढले होते. उतरता येईना, तेव्हा वाळत घातलेल्या मिरच्या राखायचं सोंग करून दिवस मावळेपर्यंत वरच बसले. भ्याले म्हणायची अक्कल कुठली असायला.

"तूच चढ की मग," मी लेकाला म्हटलं.

त्यानं शिडी हलवून पाहिली, वर पाहिलं, आणि दोन चहा सांगायला बाहेर गेला. मिस्त्रीनं जोड पुन्हा आवळले.