पूजेतला पाना

‘दादा आबांचा भाता टाकून कोल्हापूरला इंजिनच्या कारखान्यात पळाला,’ असे माझा धाकटा भाऊ पाहुण्यांना अजून सांगतो. हे धादांत असत्य आहे.

आज खंडेनवमीला, तेल लावलेल्या हत्यारांवर झेंडू वाहताना, त्या वासाने मला गारगोटीजवळच्या आमच्या लोहारशाळेत नेले. विहिरींवर इंजिने आली होती. वडिलांकडे, म्हणजे आबांकडे, लोखंडी मोट मागायला कोणी फिरकत नव्हते.

“मोट गेली की रं. तू इंजिन शीक,” निखाऱ्यांकडे पाहत आबा म्हणाले.

“आणि भाता?”

“मी हाय की अजून!”

तेव्हा मला तो राग वाटला; आज त्यात धीर ऐकू येतो.

भावाला एवढेच सांगतो: मी कोल्हापूरला निघण्याआधीच्या खंडेनवमीला पूजेत घणाशेजारी नट आवळायचा नवा पाना होता, आणि तो आबांनी स्वतः मांडला होता.