आबांच्या यादीतलं एक घर

दत्ताचा फोन आला तेव्हा मी मुकुंदवाडीच्या शाळेत दाखल्यांचा गठ्ठा लावत होते. "ताई, आबा गेले. चहा मागितला अन् आणला तवर..." दत्ता माझा चुलतभाऊ. आबा त्याचे वडील आणि माझे थोरले चुलते. मी लगेच कागद ओढला आणि कोणाकोणाला कळवायचं ती नावं लिहायला लागले. पाचव्या नावाशी हात थांबला. आधीची चारही माणसं केव्हाच गेलेली होती. नव्वदी ओलांडलेल्या माणसाचं असंच होतं, कळवायला कोणी उरत नाही. आज दीड महिना झाला. दशक्रिया, तेरावा, तलाठ्याकडचे कागद, सगळं उरकलं. एकच गोष्ट उरकत नाही, ती इथं लिहिते आहे.

आमचं गाव खुलताबादचा घाट उतरल्यावर लागतं. पोलीस ॲक्शननंतरच्या पहिल्या निवडणुकीत आबांनी मत दिलं, तेव्हा प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी असायची. पेटीवर चिन्ह चिकटवलेलं असे आणि चिठ्ठी हव्या त्या पेटीत टाकायची. बायका पेटीला हळदकुंकू लावायला निघाल्या होत्या, असं आबा हसत सांगायचे. मग गंभीर व्हायचे. "निजामाच्या राज्यात आम्हाला कुणी इचारलंच नव्हतं गं. त्या दिवशी पहिल्यांदा इचारलं." तेव्हापासून त्यांनी मतदारसंघाचा सगळा इतिहास वह्यांमध्ये उतरवला. कोण उभं राहिलं, चिन्ह काय होतं, कोण पडलं, कोणी कधी झेंडा बदलला, पुनर्रचनेत कोणती गावं गेली आणि कोणती आली. निवडणूक लागली की शहरातले वार्ताहर त्यांच्या ओट्यावर येऊन बसत, आणि आबा वही न उघडता धडाधड सांगत सुटत.

या इतिहासात एकदा आबा स्वतः होते. पावसाळ्यात ओढ्याला पाणी आलं की आमचं गाव तुटायचं. पुलाचं आश्वासन प्रत्येक निवडणुकीत मिळायचं आणि निकालानंतर वाहून जायचं. शेवटी चावडीवर सगळे आबांच्या मागं लागले. "आबा, आता तुम्हीच उभं ऱ्हावा. आख्खं गाव तुमच्या मागं हाय." आबा अपक्ष उभे राहिले. चिन्ह मिळालं शिडी. मी तेव्हा दुसरीत होते. सायकलच्या कॅरिअरला खरी शिडी बांधून ते गावोगाव फिरले, ते मला चांगलं आठवतं. मोजणीच्या दिवशी अनामत जप्त झाली. पूर्ण मतदारसंघात मिळून पडलेली मतं आमच्या एका गावातल्या मतदारांपेक्षाही कमी होती. "काय आबा, शिडी कुणी काढून घेतली?" पारावर कोणीतरी विचारलं. "चढलोच नव्हतो, तर पडतो कशाला?" आबा म्हणाले. सगळे हसले. आबाही हसले.

पण त्या रात्रीपासून त्यांना एका प्रश्नानं धरलं. आपल्या गावानं आपल्याला किती मतं दिली? त्या वेळी मोजणीआधी सगळ्या केंद्रांच्या मतपत्रिका एकत्र मिसळल्या होत्या, कोणत्या गावानं कोणाला दिलं ते कळू नये म्हणून. त्यामुळे कागदावर उत्तर मिळणार नव्हतं. मग आबांनी ते केलं जे शहाणा माणूस करणार नाही. मतदारयादी वहीत उतरवली आणि घरोघर जाऊन विचारलं. प्रत्येक जण म्हणाला, "तुम्हालाच की ओ, आबा! हे काय इचारनं झालं?" आबा नावापुढं बरोबरची खूण करायचे. खुणा मतांपेक्षा जास्त झाल्या, तरी थांबले नाहीत. पुढं पुढं तर मेलेल्यांची मुलं सांगायची, "आमच्या वडलांनी शिडीलाच टाकलं व्हतं." आबा त्याचीही खूण करत. कोणाला खोटं पाडलं नाही.

फक्त एका नावापुढं त्यांनी कधी काही लिहिलं नाही. ते नाव श्रीपतचं, माझ्या वडिलांचं, त्यांच्या पाठच्या भावाचं. त्यांना आबांनी कधी विचारलंच नाही. त्या निवडणुकीनंतर दोन महिन्यांत वडिलांना शहरात नोकरी लागली, आम्ही उस्मानपुऱ्यात दोन खोल्यांत राहायला आलो, मी शिकले, मास्तरीण झाले. नोकरी कशी लागली ते वडिलांनी मला शेवटच्या आजारपणात सांगितलं. "मी शिडीवर शिक्का मारला नाय. निवडून आलेल्याच्या माणसाशी आधीच बोलणं झालं व्हतं. आबाला कळू देऊ नको." मी कळू दिलं नाही. बारा वर्षं.

आबा गेले त्याच्या तीन आठवडे आधी मी त्यांना भेटले. खाटेवर बसले होते. डोळ्यांनी फारसं दिसत नव्हतं, पण वही मांडीवर होती. घरात आम्ही दोघंच. कसलीही प्रस्तावना न करता त्यांनी विचारलं, "श्रीपत तुला काही बोलला व्हता का गं? त्या टायमाचं?"

मी म्हणाले, "तुम्हालाच दिलं होतं, आबा. बाबा नेहमी सांगायचे."

आबांनी वही उघडली. मग पेन मागितला. बोटानं चाचपत नाव शोधलं, मला विचारून खात्री केली आणि पुढं खूण केली. वरच्या सगळ्या खुणांसारखीच एक खूण. "व्हय," ते म्हणाले. "म्हणजे त्यानंबी दिलं." आवाजात राग नव्हता, आनंदही नव्हता. मग म्हणाले, "चहा घेऊन जा, उन्हाचं निघू नको."

घाट चढताना एसटीत मला कळलं की मी काय केलं. गावात ज्यांनी ज्यांनी हो म्हटलं, त्यांच्यातले निम्मे तरी खोटं बोलले होते, हे आबांना बेरजेनंच सांगितलं होतं. एकच घर असं होतं जिथून खोटं आलं नव्हतं, कारण तिथं त्यांनी विचारलं नव्हतं. ते घर मी त्या रांगेत नेऊन उभं केलं. खरं सांगितलं असतं तर काय झालं असतं, याचाही विचार करून झाला. तेही बरं झालं नसतं...

दत्तानं वह्या माझ्याकडं दिल्या. "तूच ठेव ताई, आमच्यात कोण वाचणार?" सगळ्या वह्या सालवार लावून कपाटात ठेवल्या. ती एक बाहेरच राहिली. परवा उघडली. बाबांच्या नावाखाली आबांनी, मी निघून गेल्यावर कधीतरी, वाकडीतिकडी आडवी रेघ ओढलेली आहे, बेरीज करायच्या आधी ओढतात तशी. खाली बेरीज लिहिलेली नाही.