खलबत्त्याचा खुळखुळा

आमच्या गल्लीतला पितळेचा ओतारी, उस्ता शहात, बिनडोक आहे, हे मी त्याच्या तोंडावर सांगते. भिंतीला भिंत लागून राहते, तेवढा हक्क आहे. हात मात्र सोन्याचे! आमच्या सोहाग शहरातल्या संग्रहालयात काचेमागे फेरोंच्या काळच्या लोकांच्या कुदळी, चाळण्या, काजळदाण्या आहेत. पोरांना हाताळायला त्यांच्या नकला हाच करून देतो. मागे त्याने त्यांच्या देवीचा पूजेचा खुळखुळा असाच करायला घेतला. मुठीवर गाईच्या कानांची देवी, वर कमान, कमानीत सळया आणि चकत्या. बाजारच्या पितळेचा आवाज त्याला पटेना. शेवटी मनासारखा वाजला, तेव्हा गडी गल्लीभर नाचला.

परवा त्याच्या नातीची सातवी होती, जन्माच्या सातव्या दिवसाचा सोहळा; त्यात बाळाच्या कानाशी घरचा पितळी खलबत्ता वाजवून घरच्यांचं ऐकायला सांगतात. त्याच्या मुलाच्या, सबरीच्या बायकोची, नजातची, कूस कित्येक वर्षांनी उजवली होती. घरात नुसती धमाल! पण आदल्या दिवशी नजातने मला कोपऱ्यात ओढलं.

"खाला, काल हातातून परात पडली. ही दचकली नाही. माझा भाऊ जन्माचा बहिरा आहे. हिलाही तसंच असेल तर?"

"उद्या खलबत्ता वाजेल ना कानाशी, तेव्हा कळेलच," मी म्हटलं.

सातवीला पोरीला चाळणीत निजवलं, मीठ उधळलं. शहातची बायको बसीमा माळ्यावरून रिकाम्या हाताने उतरली.

"सबरीच्या बापा, खलबत्ता कुठाय?"

शहात जमिनीकडे बघू लागला. "वितळवला. खुळखुळ्यासाठी. त्याच्यासारखं पितळ मिळेना गं. मला वाटलं, आता आपल्या घरात कुणाची सातवी..."

"म्हणजे माझ्या नातीची वाट बघणं तू सोडून दिलंस! आणि वर तिचा खलबत्ता खाल्लास!"

मी माझा आणते म्हटलं. बसीमा ऐकेना. सबरीच्या कानाशी वाजलेलाच हवा! शहात एका पायात चप्पल घालून धावत सुटला. नजात चाळणीची कड घट्ट धरून बसली.

तो परतला तो टुकटुक रिक्षातून. सोबत संग्रहालयाच्या मॅडम नर्मीन, खुळखुळा मांडीवर घेऊन.

"वस्तू एकटी बाहेर जात नाही," त्या हसत म्हणाल्या. "म्हणून मीही आले. शरबत उरलंय ना?"

शहात पोरीच्या डोक्यामागे बसला. "आईचं ऐक गं, आजीचं ऐक, आजोबाचं अजिबात ऐकू नकोस!" त्याने हळूच हलवला, खुळखुळा जेमतेम किणकिणला. पोरगी हलली नाही. नजातने डोळे मिटले.

"जोरात, मेल्या!" मी ओरडले.

त्याने खणखणून वाजवला. पोरगी अंगभर दचकली, दोन्ही मुठी उघडल्या आणि असं भोकाड पसरलं म्हणता!

"रडली! खाला, रडली!" नजात हसत होती, रडत होती. आम्ही बायकांनी जिभा हलवून ललकाऱ्यांवर ललकाऱ्या दिल्या, मॅडमनेसुद्धा. इतका आनंद मला माझ्या पोरांच्या लग्नातही झाला नव्हता.

बसीमाने खुळखुळा घेऊन स्वतःच्या कानाशी वाजवला. "आवाज तोच आहे रे," ती शहातला म्हणाली. मग तो मॅडमच्या हातात दिला.

"सांभाळून ठेव, पोरी. पुढच्या नातवंडाच्या सातवीला लागेल."