कडेचा ठसा

ह्यांनी जोडलेला कॉम्प्युटर तापून सारखा बंद पडायला लागला, म्हणून दुरुस्तीवाल्यांना घरी बोलावलं. त्यांनी पंखा काढला. प्रोसेसरवरच्या पेस्टची वाळून राखाडी खपली झाली होती आणि कडेला बोटाचा ठसा होता.

"वहिनी, हे बोटानं कुणी लावलं?"

"ह्यांनी."

ह्यांना जाऊन सहा महिने झाले. कपडे वाटून टाकले, चष्मा कपाटात ठेवला. रडू काही आलं नाही. दुरुस्तीवाले सांगत होते, पेस्ट वाळली की उष्णता बाहेर पडत नाही, आतच साठते. मी मान हलवली. स्पिरिटच्या बोळ्यानं पुसता पुसता खालचा धातू चकाकू लागला.

"झालं," ते म्हणाले.

मी वाकून पाहिलं. ठसा अजून तिथेच होता.

"कडेला थोडं राहिलंय," मी म्हटलं. "तेही पुसा."