पायाळू भाडेकरीण

मध्य भारत राज्य नवीन होतं तेव्हा मी माधव नगरात मुलींच्या शाळेत शिकवत होते. आई आणि मी एका विज्ञानाच्या मास्तरांकडे दोन खोल्यांत भाड्यानं राहायचो. मी पायाळू, म्हणजे जन्मताना पाय आधी बाहेर आलेली. आईनं हे मास्तरांच्या बायकोला सहज सांगितलं आणि गल्लीभर झालं. पायाळू माणसाची लाथ बसली की पाठीतली उसण जाते, म्हणून चांगले शिकलेसवरलेले लोक सकाळी आमच्या ओट्यावर पालथे पडायचे. आणि पायाळू माणसावर वीज पडते, म्हणून आभाळ भरलं की हेच लोक माझ्या वाऱ्यालाही उभे राहायचे नाहीत. लाज नावाची गोष्ट त्यांना ठाऊक नव्हती.

एका ज्येष्ठात शाळेतून परतताना आंधी उठली. धुळीनं समोरचं दिसेना, मग गारा सुरू झाल्या. मी धावत घरी आले तर दाराला आतून कडी. मास्तर शेजारच्या खिडकीतून म्हणाले, "बाई, आंधी थमेपर्यंत तिकडेच थांबा. घरात लेकरंबाळं आहेत."

आत आई त्यांच्याशी भांडत असलेली ऐकू येत होती. मी पिशवी डोक्यावर धरून भिंतीला चिकटले. गारा थांबाव्यात म्हणून मास्तरांनी त्याच खिडकीतून लोखंडी तवा अंगणात फेकला. तो माझ्या पायाशी येऊन पडला. वीज कशाकडे ओढली जाते, हे मुलांना शिकवणारा हा माणूस! भीती वाटायची सोडून मला त्यांची किळस आली.

वीज कुठंच पडली नाही. दार उघडून मास्तर म्हणाले, बघा, तुम्ही बाहेर थांबलात म्हणून सगळे वाचलो. त्याच संध्याकाळी आई दुसऱ्या खोल्या बघायला निघाली.

आम्ही सामान बांधत होतो तेव्हा मास्तर वाकत वाकत दारात आले. पाठीत उसण भरली होती.

आई मला म्हणाली, "घाल लाथ. मनापासून घाल."

मी घातली. ते ओट्यावरून थेट अंगणात गेले. उठले, धोतर झटकलं आणि हात जोडले. "एकदम आराम पडला, बाई."

अशा माणसाचा अपमानसुद्धा करता येत नाही.

पुढे मध्य प्रदेश झाला, कचेऱ्या भोपाळला गेल्या. मास्तरही बढतीवर तिकडे गेले, शाळांची विज्ञानाची पुस्तकं तपासायला. गल्लीनं त्यांना हार घातले. मी गेले नाही.