तबकडी बंद होती

सोतवोल्दी अका (तिकडं अका म्हणजे दादा) तसा वाईट माणूस नव्हता हो. पण ओयदिनचं नाव निघालं की त्याच्या पोटात दुखायचं, आणि ते तोंडावर दिसायचं.

डोंगरमाथ्यावर ओयदिनची दुर्बीण, खाली पठारावर अकाची, आकाशातल्या रेडिओ लहरी टिपणारी अवाढव्य तबकडी. दोघं वर्षानुवर्षं एकाच ब्लेझारवर डोळा ठेवून होती. कुठल्या कुठं लांबच्या दीर्घिकेतलं ते कृष्णविवर, त्याचा झोत नेमका आपल्याकडे रोखलेला. सगळे त्याला 'म्हातारी' म्हणायचे, कारण कधी भडकेल याचा नेम नाही. भडकली की आधी उजेड वाढायचा, तो ओयदिनला दिसायचा. रेडिओ लहरी महिना-दोन महिन्यांनी रेंगाळत यायच्या. तोवर ओयदिनचं जगभर कौतुक होऊन गेलेलं असायचं.

"आमचे अका म्हणजे पंगत उठल्यावर येणारा पाहुणा," स्वयंपाकीण होलबीबी चहा ओतता ओतता म्हणायची. सगळे खो खो हसायचे. अकाही हसायचा, आणि आतून नुसता जळायचा.

यंदा वसंतात म्हातारी कधी नव्हे इतकी भडकली. उपग्रहांनी क्ष-किरण टिपले, देशोदेशीच्या दुर्बिणी तिकडं वळल्या, आणि जो तो ओयदिनचं नाव घेऊ लागला. ती धापा टाकत पठारावर उतरली.

"अका, भडकायच्या आधीची तुमची मापं द्या ना! सगळ्या लहरी एका आलेखावर मांडू. दोघांच्या नावानं लिहू."

दोघांच्या नावानं! म्हणजे हिचं पुढं, आपलं मागं. अकाचं डोकंच फिरलं.

"तबकडी बंद होती," तो म्हणाला. "दुरुस्ती चालली होती."

"बंद?"

"बंद म्हणजे बंद! किती वेळा सांगू?"

ती त्याच्याकडे बघत राहिली, मग "बरं" म्हणून गेली. मापं होती, रोजच्या रोज घेतलेली. पण रागाच्या भरात अकानं ती उघडूनसुद्धा पाहिली नव्हती. बघायचंय काय त्यात? रेडिओ उशिराच येणार!

ओयदिनचा लेख छापून आला, त्या दुपारी त्याच आनंदात अंगणात मोठ्या कढईत पुलाव शिजत होता. अका गेला नाही. हाताला काही चाळा हवा म्हणून ती मापं उघडून बसला, आणि चमकलाच. उजेड वाढायच्या आधीच रेडिओ चढला होता. त्यानं पुन्हा पुन्हा तपासलं. कुठं चूक नाही. पहिला तो होता! ओयदिन नव्हे, तो!

तसाच धावत तो अंगणात आला.

"ओयदिन, तबकडी बंद नव्हती गं."

"ठाऊक आहे मला."

"ठाऊक आहे?"

"अहो अका, घराएवढी ती तबकडी! माझ्या खिडकीतून रोज वळताना दिसायची. म्हटलं, रुसलेत, राग उतरला की येतील आपणहून. किती दिवस लेख अडवून धरला मी."

"अगं, पण यंदा रेडिओ आधी आलाय! तुझ्या उजेडाच्या आधी!"

ओयदिनच्या हातातला झारा थांबला. तिचे डोळे भरून आले.

"शेवटी तुम्ही सांगितलंत तेच लेखात छापलंय अका, तुमच्या नावानिशी, तबकडी बंद होती म्हणून. आता पहिला मान हवा असेल, तर 'मी खोटं बोललो' असं आधी तुम्हाला लिहून द्यावं लागेल. द्याल?"

सगळे त्याच्याकडे बघत होते.