मुकादमाचं नाक

"ज्याईले ह्या पोट्टीचा वास येते, त्याईनं हात वर करा."

मुकादम मधोमध उभा होता. मी त्याच्यासमोर. भोवती कवडी वेचणाऱ्या बाया, मांडीवर कापूस घेऊन बसलेल्या. कवडी म्हणजे किडका, पिवळा पडलेला कापूस. तो चांगल्या कापसातून काढायचा, हे आमचं काम. इंजिन नुकतंच बंद पडलं होतं. त्यामुळे त्याचा शब्द न् शब्द शेवटच्या बाईपर्यंत गेला.

आधी आतल्या रांगेतले हात वर झाले. त्या बाया गावातल्या सवर्ण घरांतल्या. मग मधली रांग. मग दाराजवळची रांग, म्हणजे आमच्या महारवाड्याच्या बाया. सगळ्यांत शेवटी एक हात अर्धाच वर आला. तो माझ्या मोठमायचा होता. मोठमाय म्हणजे बापाच्या थोरल्या भावाची बायको. माय गेल्यावर तिनंच मला वाढवलं.

"मले त फाटकापासून येते," मुकादम म्हणाला. "आजपासून तू बाहेर बसशीन. राखीच्या ढिगापाशी. तुह्या नाकाचा वास रुईले लागंन."

आतल्या रांगेतल्या सुभद्राबाईने लगेच भर घातली. "मंबईचा सेठ कापसाच्या गाठी वापस पाठवंन न, मुकादमजी! म्हनंन, गाठीत उंदीर मेला!"

सगळ्या हसल्या. मोठमाय हसली नाही. तिने हात खाली घेतला आणि कापसात खुपसला.

"वास गेला की ये आत," मुकादम म्हणाला. तपकिरीची डबी उघडली, चिमूट नाकात कोंबली आणि निघून गेला.

कारंज्याची जिनिंग, म्हणजे कापसातली सरकी काढायचा कारखाना. साल चोपन्न असेल, नाही तर पंचावन्न. मी पंधरा वर्षांची होते, चौथी पास.

एक गोष्ट आधीच सांगून टाकते, नाही तर वाचणाऱ्याला वाटेल ही बाई आपली बाजू सजवते आहे. वास खरा होता. पण मला तो येत नव्हता. मला कसलाच वास येत नव्हता. भाकर करपली तरी धूर दिसल्यावरच कळायचं. मला वाटायचं, सगळ्यांचंच असं असेल.

त्या दिवशी घरी जाताना मी मोठमायला विचारलं, "तुले खरंच येते का, का मुकादमाच्या भेवानं हात वर केला?"

तिने डोक्यावरचा पदर पुढे ओढला. मग म्हणाली, "येते व माय. लय दिसापासून येते. कसं सांगू तुले?"

"सांगाले काय झालं होतं?"

"तुले वाईट वाटंन म्हनून."

मला तेव्हा तिचा राग आला. चारचौघांत हात वर करता येतो आणि घरात सांगता येत नाही? त्या दिवसापासून मी कोणाच्याही गोड बोलण्यावर विश्वास ठेवायचा नाही असं ठरवलं. तोंडावर कडू बोलणारा माणूस मला तेव्हापासून जवळचा वाटतो.

दुसऱ्या दिवशी मी कामावर जायच्या आधी दवाखाना गाठला. डॉक्टरच्या कपाळावर गोल आरसा होता. त्याने आधी स्वतःच्या नाकाला रुमाल बांधला. मी मनात म्हटलं, हाही त्यांच्यातलाच. मग त्याने चिमट्यासारखं हत्यार माझ्या नाकपुडीत घालून ती फाकवली. हनुवटी हाताने धरली. बराच वेळ आत बघितलं.

"घाण येते," तो म्हणाला. "तुला स्वतःला येत नसेल. बरोबर?"

"तुमाले कसं मालूम?"

"आजारच तसा आहे. पीनस म्हणतात. शेजारच्याला वास येतो, ज्याचा त्याला येत नाही."

मग त्याने नाकाचं काम सांगितलं. मला अजून पाठ आहे, कारण माझ्या अंगाबद्दल कोणी मला काही समजावून सांगण्याची ती पहिली वेळ. बाहेरची हवा कोरडी असते, कधी गार असते, धुळीची असते. नाक ती ऊबदार करतं, ओली करतं, गाळतं आणि मग छातीत सोडतं. त्यासाठी आत ओलं अस्तर असतं, पुढं बारीक केस असतात. अगदी वरच्या अंगाला वास ओळखणारी जागा असते. माझं अस्तर सुकलं होतं. शेंबूड वाहून जाण्याऐवजी आतच वाळत होता. त्याच्या खपल्या धरत होत्या आणि त्या सडत होत्या. वास ओळखणारी जागाही सुकली होती.

मी विचारलं, "आमी घान राहतो म्हनून होते का हे?"

"स्वच्छ घरातही होतो. पोटभर खायला नसलं तर जास्त होतो. घाण राहण्याचा काही संबंध नाही."

"आनखी कोनाकोनाले वास येत नाई?"

त्याने बोटांवर मोजलं. जुनं पडसं मुरलेला. नाकात मांसाचे मोड वाढलेला. नाकाचं हाड वाकडं होऊन श्वास कोंडलेला. नाकावर मार बसलेला. वर्षानुवर्षं तपकीर ओढणारा. मी ही यादी औषधाच्या कागदाच्या पाठीवर उतरवून घेतली. तो म्हणाला, "कशाला?" मी म्हटलं, "असू द्या." हाताला येईल ते लिहून ठेवायची मला तेव्हाही सवय होती.

औषध साधं होतं. कोमट पाण्यात चिमूटभर मीठ, चिमूटभर खायचा सोडा. दवाखान्यातून मिळालेल्या रबरी पिचकारीने ते पाणी एका नाकपुडीत सोडायचं, तोंड उघडं ठेवायचं, दुसरीतून बाहेर येऊ द्यायचं. मग ग्लिसरीनचे थेंब. दोन्ही वेळा. एक दिवस चुकवायचा नाही. पहिल्या दिवशी पाणी डोक्यात गेलं आणि मी रडले. खपल्या निघाल्या त्या हिरव्या-काळ्या. मोठमायने राख टाकून त्या उचलल्या आणि एकदाही पदर नाकाला लावला नाही. मी तिच्याकडे चोरून बघत होते.

दिवसभर मी राखीच्या ढिगापाशी बसत होते. ढीग फाटकाजवळ होता; कवडीचं पोतं मला तिथे आणून टाकत. उन्हात. पाणी प्यायला जाता येत नव्हतं. मोठमाय जेवायच्या सुट्टीत ओंजळीत ओतून जायची. राख उडून नाकात जायची आणि सकाळचं नाक धुणं फुकट जायचं. मग मी पदर बांधायला लागले.

गंमत अशी की जिनिंगमध्ये सगळ्याच बाया नाकाला पदर बांधतात. कापसाचं तूस उडतं. त्याने शिंका येतात, नाक गळतं, उन्हाळ्यात एखादीचा घोळणाही फुटतो आणि मग तिला आडवं निजवून कपाळावर ओला फडका ठेवतात. तेव्हा कोणाचा पदर तुसासाठी आणि कोणाचा माझ्यासाठी, हे कसं ओळखायचं? मी ते शोधायला लागले. कामच नव्हतं दुसरं.

कंपाउंडच्या भिंतीवर कोळशाने खुणा केल्या. एकेका बाईच्या नावाचं पहिलं अक्षर. ती पाण्याला बाहेर आली की पदर कुठे चढवते. वारा माझ्याकडून तिच्याकडे आहे की तिच्याकडून माझ्याकडे. हे बघायला मी कापसाचा पुंजका हवेत सोडत असे. भिंत खुणांनी भरली. मग मी मोठमायच्या पोराची जुनी वही मागून घेतली.

आमच्या वाड्याच्या बाया वारा माझ्याकडून असला तरच पदर चढवत. ते मला पटलं. वास होता, त्यांना येत होता. आतल्या रांगेच्या बायांचं निराळं होतं. सुभद्राबाई फाटकाच्या आतल्या खांबाशी आली की पदर चढवायची. वारा तिच्या पाठीमागून असला तरी तिथंच, माझ्यापासून असला तरी तिथंच. तिचं नाक वाऱ्याला जुमानत नव्हतं. मी चार-पाच वेळा बघून खात्री केली. तरी मनात शंका राहिली. वाटलं, मीच कडवट झाले असेन.

मग कापूस धुमसला.

दुपारची वेळ. आवारात कापसाच्या गंज्या लागल्या होत्या. मुकादम एका गंजीला पाठ करून उभा होता. दोन पावलांवर. हातात डबी. मी बसले होते तिथून तो दिसत होता. आतून एकदम ओरडा झाला. "जयते! काईतरी जयते! वास येते, वास येते!" बाया पदर सोडून बाहेर धावल्या.

मुकादम वळला. "कायचा वास?" तो म्हणाला. "मले त काई येत नाई."

त्याच्या पाठीमागून धूर वर आला तेव्हा त्याने उडी मारली. बादल्या धावल्या. वाळू पडली. गंजीचा कोपरा काळा झाला, बाकी वाचली. मुकादम सगळ्यांवर खेकसत सुटला. कोणी बिडी ओढली, कोणी ओढली. त्या गडबडीत त्याचं ते वाक्य सगळ्यांच्या कानांवरून गेलं.

माझ्या कानांवरून गेलं नाही. त्या आवारात त्या घडीला दोनच माणसांना जळका वास येत नव्हता. एक मी. दुसरा तो.

मी औषधाचा कागद काढून पाठीमागची यादी वाचली. वर्षानुवर्षं तपकीर ओढणारा.

मग फाटकापासून त्याला काय येत होतं? वास तर शक्यच नव्हता. माझं घर कोणत्या वस्तीत आहे हे त्याला माहीत होतं, आणि तेवढं त्याला पुरे होतं.

हे कळलं तेव्हा मी रडले नाही, की मोठमायला सांगितलं नाही. आधी माझी बाजू पक्की करायची होती. नाक बरं झाल्याशिवाय बोलले असते तर सगळ्यांनी मला खोटं पाडलं असतं, आणि वास होता म्हणून ते खरंही ठरलं असतं. मी आणखी महिनाभर बाहेर बसले. धुणं एकदाही चुकवलं नाही. खपल्या कमी होत गेल्या, मग पांढऱ्या पडल्या, मग दोन-दोन दिवस निघेनात.

मोठमाय म्हणाली, "गेला व. आता काई येत नाई."

तिच्यावर माझा भरवसा नव्हता. माया करणाऱ्याची साक्ष चालत नाही. आमच्या गल्लीत एक बाई होती, आमच्या न्हाणीचं पाणी तिच्या दारात जायचं म्हणून तिचं आमच्याशी हाडवैर. मी तिच्या दारात जाऊन उभी राहिले. "मावशी, जवळ या. माह्या नाकाचा वास येते का, सांगा."

तिने जवळ येऊन चांगलं हुंगलं. "नाकात काई नाई आता," ती म्हणाली. "तोंडातच घान हाये तुह्या घरच्याईच्या. न्हानी कवा बंद करता?"

मला इतका आनंद झाला की मी तिच्या पाया पडले. ती घाबरली.

डॉक्टरनेही बघितलं. या वेळी रुमाल बांधला नव्हता. "धुत राहा," म्हणाला. "वास ओळखण्याची शक्ती मात्र परत येईल असं धरून चालू नकोस." ती आली नाही. आजही नाही. माझ्या लेकराच्या टाळूला कसला वास येतो ते मी दुसऱ्यांना विचारलं आहे.

सोमवारी मी भोंग्याबरोबर आत गेले. दाराजवळच्या माझ्या जागेवर दुसरी मुलगी बसली होती. तिला उठवायचं मला कारण नव्हतं. मी सरळ आतल्या रांगेत गेले आणि सुभद्राबाईच्या बाजूला मोकळी जागा होती तिथे बसले. सुभद्राबाईने पदर नाकाला लावला आणि कापसासकट तिकडे सरकली.

"मुकादमजी! हे पाहा! आली न माह्या बोकांडी!"

मुकादम आला. उपरण्याचा शेव नाकाला. "काहून आली आत?"

"तुमीच म्हनले होते, वास गेला की ये. वास गेला."

"कोन म्हनते गेला? मले येऊन राह्यला न."

मी उभी राहिले नाही. बसूनच बोलले. इंजिन अजून सुरू व्हायचं होतं आणि मला ते सगळ्यांना ऐकवायचं होतं.

"मुकादमजी, तुमाले वास येतच नाई. गंजी जयली तवा तुमी दोन पावलावर होते. ह्या साऱ्या बाया आतून धावत आल्या. तुमी म्हनले, कायचा वास? मले त काई येत नाई. आठोते का? साऱ्याईनं आयकलं."

मग मधल्या रांगेत एक बाई फिसकन हसली. आणखी एक. दाराजवळून मोठमायचा आवाज आला, "खरं हाये. असंच म्हनले होते."

मुकादमाचा चेहरा तपकिरीसारखा झाला. उपरण्याचा शेव त्याने खाली सोडला. नाक उघडं पडलं. मग त्याने दोन हमालांना हाक मारली. "उचला हिले. बाहेर नेऊन टाका."

ते आले. गावातले होते, मोठ्या घरचे नव्हते, पण आमच्या वाड्याचेही नव्हते. मी लोखंडी खांबाला मिठी मारली.

"उचला," मी म्हणाले. "पन हात लावा लागंन मले."

ते जागीच थांबले. एकाने दुसऱ्याकडे बघितलं. दुसऱ्याने हात पाठीमागे घेतले. मुकादम म्हणाला, "दातायानं सरकव." एकाने कापूस ओढायचं दाताळं आणलं आणि माझ्या खांद्याला लावून ढकललं. झंपर फाटलं. खांदा सोलला. मी खांब सोडला नाही. त्याने आणखी एकदा ढकललं, मग त्यालाच लाज वाटली असेल, त्याने दाताळं टाकून दिलं. इंजिन सुरू झालं. मी मांडीवर कापूस ओढला आणि कवडी वेचायला लागले. संध्याकाळच्या भोंग्यापर्यंत कोणीही मला हात लावला नाही. त्यांच्याच सोवळ्याने मला तिथे धरून ठेवलं.

चौथ्या दिवशी मला कामावरून कमी केलं. कारण सांगितलं नाही. मोठमायलाही कमी केलं. ती वाटेत म्हणाली, "आता खाचीन काय?" आम्ही त्या हंगामात मानोरा गावाकडे शेतात निंदणाला गेलो आणि पोटाला कमी पडलं.

पण एक गोष्ट मी त्या खांबाशी पक्की केली आणि नंतर कधी मोडली नाही. कामावरून काढा, मी जाईन. मजुरी देऊ नका, मी भांडेन. पण ज्या खोलीत काम आहे त्या खोलीबाहेर मी बसणार नाही. शाळेच्या सभेत नाही, दवाखान्याच्या ओसरीवर नाही, पंचायतीत नाही. ज्याला मी बाहेर हवी आहे, त्याने यावं आणि मला दोन्ही हातांनी उचलावं.